बत्तीस किल्ल्यांचं कुलूप

माझ्या घरी आल्यावर टीपॉयवरच्या किल्ल्यांच्या जुडग्यावर वर्तमानपत्र झाकणारा पाहुणा मी आयुष्यात एकच पाहिला. चहा नंतर, पाणीसुद्धा नंतर. आधी ते खोलीभर नजर फिरवून जुडगा कुठे आहे ते हेरायचे, त्यावर पेपर टाकायचे आणि मग निवांत टेकून बसायचे. पहिल्यांदा मला वाटलं, स्वच्छतेचं काही खूळ असेल. विचारलं तर म्हणाले, "मॅडम, किल्ली अशी उघडी टाकू नये. मला दिसते."

"दिसली तर काय बिघडलं?"

"पाठ होते. मग विसरता येत नाही."

यात बढाई नव्हती. किल्लीचा कुठला दात किती खोल आहे हे त्यांना एका नजरेत कळायचं आणि कळलं की कायमचं डोक्यात बसायचं. त्यामुळे बँकेत, औषधाच्या दुकानात, कुठेही गेले तरी त्यांची मान सारखी इकडून तिकडे वळत असायची. आमच्या हॉस्टेलच्या अध्यक्षबाईंच्या मुलीच्या लग्नात ते पूर्ण वेळ स्टेजकडे पाठ करून बसले होते. लोकांना वाटलं, मानपान राहिला म्हणून रुसलेत. खरं कारण एवढंच की अध्यक्षबाईंच्या कमरेला घरच्या किल्ल्या लटकत होत्या. लग्नाच्या अल्बममध्ये ते चार फोटोंत आहेत आणि चारही फोटोंत त्यांची पाठ आहे.

मी गंगापूर रोडच्या एका महिला वसतिगृहात रेक्टर होते आणि काका आमचे फिटर. नळ, पंखे, गीझर, खिडक्यांचे खटके, सगळं त्यांच्याकडे. पण जीव कुलपांत. मूळचे सटाण्याकडचे. सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये वीस-बावीस वर्षं काढलेली. तो कारखाना बंद पडला आणि ते आमच्याकडे आले. माणसांशी ते शुद्ध, जवळजवळ पुस्तकी मराठी बोलत. अहिराणी फक्त कुलपांसाठी राखून ठेवलेली. एखादं अडलेलं कुलूप मांडीवर घेतलं की हळूच विचारायचे, "काय व्हयनं रे तुले?" आणि कान लावून बसायचे. मला इतक्या वर्षांत त्यांनी एकदाही अहिराणीत काही विचारलं नाही. याचं मला थोडं वाईट वाटायचं.

ते आले तेव्हा आमच्या चौसष्ट खोल्यांना चौसष्ट वेगवेगळी कुलपं होती आणि ऑफिसात चौसष्ट जादा किल्ल्यांची एक पेटी. मुलगी आत चक्कर येऊन पडली तर तिची किल्ली सापडेपर्यंत ती शुद्धीवर यायची. काकांनी एका उन्हाळ्याच्या सुट्टीत सगळ्या दारांची कुलपं काढली, एकाच मापाची नवी आणली आणि दोन महिने स्टोअररूममध्ये बसून ती एकेक उघडून आतून स्वतःच्या हाताने जुळवली. जूनमध्ये मुली परत आल्या तेव्हा प्रत्येकीची किल्ली फक्त तिच्याच खोलीला लागत होती आणि काकांकडची एक किल्ली सगळ्या खोल्यांना लागत होती. तिला आम्ही मास्टर म्हणत असू. काका 'ती' म्हणत.

हे कसं होतं ते मला कळत नव्हतं आणि कळत नसल्याचं मी बोलून दाखवलं, ही माझी चूक. काका मला सरळ मेसच्या स्वयंपाकघरात घेऊन गेले. ओट्यावर काकड्या होत्या. त्यांनी सुरी घेतली आणि काकडीचे पाच उभे तुकडे ओळीने मांडले.

"कुलपाच्या पोटात पाच भोकं. प्रत्येक भोकात एकावर एक दोन पिना, वरून स्प्रिंग दाबतेय." त्यांनी प्रत्येक तुकडा मधे आडवा कापला. "खालची पिन, वरची पिन, मधे ही फट. किल्ली आत गेली की तिचे दात पिनांना वर उचलतात. पाचही फटी एकाच रेषेत आल्या की आतला गाभा फिरतो. एक जरी वरखाली राहिली तरी नाही."

"हे झालं साध्या कुलपाचं," मी म्हटलं.

"हो. आता तिची सोय करायची." त्यांनी काकडीच्या पाच पातळ चकत्या कापल्या आणि प्रत्येक खालच्या तुकड्याच्या डोक्यावर एकेक ठेवली. "आता प्रत्येक भोकात फटी दोन झाल्या. चकतीच्या खाली एक, वर एक. एक खोलीच्या किल्लीची, दुसरी मास्टरची. दोघींपैकी कोणीही आली तरी रेष जुळते."

मला ते एकदम कळलं आणि मी तसं म्हणाले. काकांचा चेहरा पडला. म्हणाले, "कळलं नाही तुम्हाला. पाच भोकं, प्रत्येकात दोन फटी. या भोकात खोलीची फट आणि त्या भोकात मास्टरची, असं मिसळलं तरी कुलूप उघडतंच. त्याला काय कळतंय कोण कोणाची आहे ते. दोन, दोन दुणे चार, आठ, सोळा, बत्तीस. या कुलपाला बत्तीस किल्ल्या लागतात."

"एक खोलीची, एक आपली. बाकीच्या तीस कोणाच्या?"

"कोणाच्याच नाहीत. त्या अजून बनवलेल्याच नाहीत."

"मग घाबरायचं कशाला?"

"बनवलेल्या नाहीत म्हणूनच. बनवल्या असत्या तर मोजून कपाटात ठेवल्या असत्या." मग थोडं थांबून म्हणाले, "सोयीसाठी आपण कुलूप जरा सैल करतो, मॅडम. जगातल्या कुठल्याही हॉटेलात जा, हॉस्पिटलात जा, मास्टर आली की हे आलंच. कारागिराचं काम एवढंच, की एका खोलीची किल्ली दुसऱ्या खोलीच्या त्या तिसांत जाऊन बसू नये."

"काका," मागून मेसच्या मावशी म्हणाल्या, "कोशिंबिरीची काकडी हाय ती. झालं असंल तर द्या इकडं."

काकांनी चकत्या वेगळ्या, तुकडे वेगळे असे करून दिले. त्या दिवशी कोशिंबीर नेहमीपेक्षा जाड होती.

मास्टर वापरण्याचे त्यांचे नियम होते आणि ते त्यांनी स्वतःच केलेले होते. एकट्याने खोली उघडायची नाही, बरोबर मी किंवा मावशी हवीच. दारावर तीनदा टकटक. मग मोठ्याने, "फिटर आलाय, मास्टर लावतोय." मग पन्नासपर्यंत आकडे, तेही मोठ्याने. मग कुलूप उघडायचं, दार ढकलायचं आणि आपण भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. आत जायला बाईमाणूस पहिलं. शेवटी रजिस्टरात खोली, वेळ, कारण आणि दोन सह्या, आणि मास्टर परत ऑफिसच्या पेटीत सीलबंद.

एकदा पहिल्या मजल्यावरच्या एका खोलीतला नळ उघडा राहिला. पाणी दाराखालून बाहेर, व्हरांड्यातून जिन्यात आणि जिन्यातून खाली ऑफिसच्या दारापर्यंत आलं. मुलगी कॉलेजला गेलेली. काका मास्टर घेऊन आले, तीनदा टकटक केली, घोषणा केली आणि मोजायला लागले. घोट्यापर्यंत पाण्यात उभी राहून मी म्हटलं, "काका, आत कोणी नाही हो." ते "बावीस, तेवीस" म्हणत राहिले. पन्नास झाल्यावर दार उघडलं. पाण्यावर तरंगत आधी एक चप्पल बाहेर आली. नंतर मी चिडून विचारलं तेव्हा म्हणाले, "आज पाणी होतं म्हणून मोजलं नाही, तर उद्या आणखी काही कारण सापडेल. त्याला शेवट नाही."

मुलींची त्यांच्यावर मोठी भिस्त होती. त्या त्यांना कुलूपकाका म्हणत. काका मात्र मुलींना नावाने ओळखत नसत. घासलेली किल्ली दुरुस्तीला आली की झिजेवरून सांगायचे, "ही नेहमी घाईत असते. हिच्या एका हातात सतत फोन असतो." आणि ते खरं निघायचं.

एका सप्टेंबरमध्ये तीनशे तीन नंबरच्या खोलीतली मुलगी ऑफिसात आली. मूळची इगतपुरीची, अंबडच्या कंपनीत दिवसाच्या शिफ्टला जाणारी. तिच्या जोडीदारणीचं लग्न झाल्यामुळे ती खोलीत एकटीच होती. दार ओढून घेत ती म्हणाली, "मॅडम, माझ्या खोलीत कोणीतरी येतं."

"चोरी झाली का?"

"तसं नाही. आईने दिलेल्या डिंकाच्या लाडवांचा डबा आहे. रोज एक कमी होतो. आणि पलंगावर कोणीतरी बसल्यासारखं दिसतं."

खिडकीला जाळी, दाराला ओरखडासुद्धा नाही. किल्ली तिच्या पर्सला लटकलेली. म्हणजे राहिली मास्टर. पुढचं वाक्य आम्ही दोघींनीही उच्चारलं नाही. पण तिने ते त्याच दिवशी फोनवर वडिलांना सांगितलं आणि वडिलांनी आमच्या सचिवांना. सचिव निवृत्त अधिकारी, आवाज कधी न चढवणारे. त्यांनी मला फोनवर म्हटलं, "मुलींच्या खोलीत पुरुषाची किल्ली जाते, एवढं जरी बाहेर पडलं तरी संस्थेला टाळं लागेल. तुमच्या त्या माणसाचं काय ते बघा."

मी काकांना बोलावलं आणि जसं ऐकलं तसं सांगितलं. त्यांच्या दोन मुली लग्न होऊन सासरी होत्या. त्यांचाच विचार मनात आला असणार, कारण म्हणाले, "माझ्या जावयांना कळलं तर मी काय सांगू?"

दुसऱ्या दिवशी रविवार होता. "कुलपांना तेल घालायचंय" असं सांगून त्यांनी सगळ्या किल्ल्या गोळा केल्या, तीनशे तीनचं कुलूप दारातून काढून माझ्या टेबलावर आणलं आणि दार उघडं ठेवून माझ्यासमोर बसले. एकेक किल्ली घालायची, फिरवून बघायची, बाजूला ठेवायची. पहिल्या पंधरा-वीस झाल्यावर मी माझ्या कामाला लागले. कधीतरी खट्ट असा बारीक आवाज आला. मी वर पाहिलं. काका हातातल्या किल्लीकडे पाहत होते. दोनशे तीन.

त्यांनी ती काढली, परत घातली, परत फिरवली. तिसऱ्यांदाही फिरली. मग दोनशे तीनचं कुलूप काढून आणलं आणि त्यात तीनशे तीनची किल्ली घालून पाहिली. ती फिरेना.

"एकाच बाजूने," ते म्हणाले. "म्हणून इतके दिवस कळलं नाही."

मग त्यांनी मला सांगितलं. जूनमध्ये, प्रवेशाच्या दिवशी, दोनशे तीनचं कुलूप अडकलं होतं. व्हरांडाभर पालक, बॅगा, बादल्या. काकांनी कुलूप उघडलं आणि तिसऱ्या भोकातली तिळाएवढी चकती हातातून निसटून फरशीवर पडली. पितळेची, त्यामुळे लोहचुंबकही कामाचा नाही. कोणाच्या तरी चपलेबरोबर ती निघून गेली. नवी घडवायची तर अर्धा दिवस जाणार आणि मुलीचे आईवडील बॅगांवर बसून वाट बघताहेत. म्हणून काकांनी त्या भोकात मास्टरच्या मापाची एकच अखंड पिन टाकली आणि मुलीला तशी नवी किल्ली घासून दिली. चकती नंतर घालू म्हटलं आणि राहून गेलं.

दोनशे तीन आणि तीनशे तीनच्या किल्ल्यांत आधी फरक होता तो फक्त त्या तिसऱ्या दाताचा. शेजारच्या दोन खोल्यांच्या किल्ल्या सारख्या असू नयेत म्हणून काकांनी अशा मिळत्याजुळत्या किल्ल्या मुद्दाम लांब, वेगळ्या मजल्यावर टाकल्या होत्या. तिसरा दात मास्टरचा झाला आणि दोनशे तीनची किल्ली तीनशे तीनच्या त्या तिसांत जाऊन बसली.

"माणूस आडवा चुकत नाही," काका म्हणाले. "उभा चुकतो. जिना चढताना. हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं."

दोनशे तीनच्या मुलीला मी एकटीला बोलावलं. काका बाहेर व्हरांड्यात उभे राहिले. मुलगी कळवणची, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी. घरच्यांनी या परीक्षेपुरतं एक वर्ष दिलेलं; मधे परत आली तर स्थळं तयारच होती. मी विचारायच्या आधीच तिने सांगून टाकलं. "मॅडम, एकदा वाचत वाचत जिना चढत होते, एक मजला जास्त चढले. किल्ली लावली, दार उघडलं. आत गेल्यावर कळलं की ही माझी खोली नाही, कारण तिथे शांतता होती." तिची जोडीदारीण घरून काम करायची, म्हणजे सकाळी नऊपासून संध्याकाळपर्यंत ग्राहकांशी बोलायची. "दुसऱ्या दिवशी मुद्दाम गेले. टेबल रिकामं असतं, खिडकी आहे. फक्त वाचते मी तिथे. लाडू मात्र खाल्ले."

दुसऱ्याच्या खोलीत शिरलेल्या मुलीला त्याच दिवशी सामानासकट काढायचं, असा आमच्या संस्थेचा लेखी नियम होता. तो सचिवांनी केला होता आणि आजवर मोडला नव्हता.

मी बाहेर येऊन काकांना सगळं सांगितलं आणि म्हटलं, "काका, हिचं नाव सांगितलं की तुम्ही सुटलात."

"किल्ली कोणी दिली तिला?"

"तुम्ही."

"मग? मी दिलेल्या किल्लीने दार उघडलं. त्यात तिचं काय चुकलं?" मग जरा विचार करून म्हणाले, "लाडू खाल्ले ते चुकलं. ते भरून द्यायला सांगा. उद्या आपण रविवार कारंजाच्या बाजारात पितळ आणायला जाऊ, परवा मी दोनशे तीनमध्ये चकती घालतो आणि तिला जुन्या मापाची किल्ली देतो. विषय संपला."

मी तेव्हाच दोन्ही मुलींना समोरासमोर बसवलं असतं तर एका चहात सगळं मिटलं असतं असं मला आजही वाटतं. पण मी त्या नियमाला घाबरले आणि काका म्हणाले तसं केलं. मुलीला बजावलं, लाडू भरून दे. कसे द्यायचे हे सांगायचं माझ्या लक्षात आलं नाही. ती कळवणची सरळ मुलगी. दुसऱ्या दिवशी दुपारी, आम्ही रविवार कारंजाच्या दुकानांतून पितळेची कांडी शोधत असताना, तिने मिठाईच्या दुकानातून लाडू आणले, तिसऱ्या मजल्यावर जाऊन आपल्या किल्लीने दार उघडलं आणि डबा काठोकाठ भरून ठेवला.

शिफ्टवरून आलेली मुलगी डबा छातीशी धरून माझ्याकडे आली. तिचे ओठ पांढरे पडले होते. "मॅडम, डिंकाचे गेले आणि बेसनाचे आले."

लाडू कमी होत होते तोवर ती चिडलेली होती. भरल्यावर मात्र पुरती घाबरली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचे वडील इगतपुरीहून पहिल्या गाडीने आले आणि अकरा वाजता कमिटी बसली.

वडील रेल्वेत होते. शांत माणूस. म्हणाले, "मला कोणाला शिक्षा नको. माझ्या पोरीच्या खोलीत कोण येतंय, तेवढं सांगा. कोणतरी येतंय आन् तिला लाडू ठेवून जातंय, हे बापानं ऐकायचं का?"

सचिवांनी काकांकडे न बघता सांगितलं की दुसरी किल्ली एकाच माणसाकडे आहे. त्याने आत्ता काय ते कबूल करावं, नाहीतर दुपारी तक्रार पोलीस ठाण्यात जाईल. मी सांगितलं, काल दिवसभर काका माझ्याबरोबर बाजारात होते आणि मास्टर ऑफिसच्या सीलबंद पेटीत होती, रजिस्टर बघा. सचिवांनी रजिस्टर पाहिलं. "मग दार उघडलं कसं?"

तिथे एका वाक्याचं काम होतं. काकांनी ते वाक्य म्हटलं नाही. त्यांनी एक कोरी किल्ली आणि कानस मागून घेतली.

कमिटीच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून, सगळ्यांसमोर, ते ती किल्ली घासत बसले. वीसेक मिनिटं कानशीखेरीज कसलाही आवाज नव्हता. पहिले तीन दात त्यांनी तीनशे तीनच्या खोलीचे घातले आणि शेवटचे दोन मास्टरचे. मग सगळ्यांना वर नेलं, तीनशे तीनच्या रिकाम्या खोलीच्या दारावर तीनदा टकटक केली आणि पन्नास आकडे मोजले. अध्यक्षबाई पंचविसालाच खुर्ची मागायला लागल्या. पन्नास झाल्यावर काकांनी ती नवी किल्ली लावली. दार उघडलं.

"ही किल्ली कुठल्या खोलीची?" सचिवांनी विचारलं.

"कुठल्याच नाही. अशा तीस बनू शकतात."

"म्हणजे हिच्या खोलीत कोणीही आलं असेल?"

"माझ्या कुलपाने आत घेतलं असेल, साहेब."

"म्हणजे तुम्ही बसवलेलं कुलूप सदोष आहे."

मला वाटलं, आता ते सांगतील. हॉटेलात, हॉस्पिटलात, सगळीकडे हे असंच असतं, मास्टर हवी तर ही किंमत द्यावीच लागते, हे मला काकडीवर दाखवलं तसं इथे दाखवतील. त्यांच्या कामाला कोणी नावं ठेवली की ते दोन-दोन दिवस जेवत नसत. वॉर्निशचा रंग चुकला म्हटलं तरी. ते म्हणाले, "होय."

"सगळी चौसष्ट?"

"होय, सगळी."

सचिव माझ्याकडे वळले. "रेक्टर म्हणून तुमचं काय म्हणणं आहे?"

व्हरांड्यातून मला जिन्याच्या वळणावर उभी असलेली दोनशे तीनची मुलगी दिसत होती. तिच्या हातात पुस्तक होतं आणि ती ते वाचत नव्हती. काका खाली बघत होते. मी म्हटलं, "काका म्हणतात ते बरोबर आहे." मला तेव्हाही लाज वाटली आणि आज लिहितानाही वाटते आहे.

अशा रीतीने माणूस सुटला आणि कुलूप अडकलं. इतिवृत्तात ठराव झाला की सर्व कुलपं सदोष असल्यामुळे काढून टाकावीत, प्रत्येक दाराला कडी-कोयंडा लावावा, मुलींनी आपापलं कुलूप आणावं आणि फिटरची सेवा महिनाअखेर थांबवावी. इगतपुरीच्या वडिलांनी काकांचे दोन्ही हात हातात घेऊन माफी मागितली. काका म्हणाले, "तुम्ही विचारायलाच हवं होतं."

महिनाभर काका आपलीच कुलपं दारांतून काढत होते. चौसष्ट दारांवर चौसष्ट तऱ्हेची कुलपं लटकली. लोखंडी, पितळी, आकड्यांची, एक तर सायकलचं. त्यांच्या किल्ल्या मुली मेसच्या टेबलावर उघड्या टाकायच्या. काका जेवायला येईनासे झाले. मावशी ताट झाकून स्टोअररूममध्ये नेऊन ठेवायच्या आणि मला येऊन म्हणायच्या, "दोन पोळ्या तशाच हायेत, मॅडम. माणूस खात नाय."

दोनशे तीनच्या मुलीला मी सगळं सांगितलं नाही, पण तिला कळलं असावं. ती त्या वर्षी परीक्षा पास झाली नाही. घरच्यांनी आणखी एक वर्ष दिलं, त्याही वर्षी नाही. काका नंतर सिडकोतल्या आपल्या घरून कधी भेटायला आले की चौकशी करायचे आणि मी सांगितलं की विचारायचे, "किती वेळा देता येते ती परीक्षा?" मी आकडा सांगितला की मान हलवायचे. "मग आहे अजून."

नोकरीच्या शेवटच्या दिवशी काका अनुभवाचं पत्र न्यायला ऑफिसात आले. मी ते आदल्या दिवशीच मन लावून लिहिलं होतं. त्यांचं काम अत्यंत कुशल आणि चारित्र्य निष्कलंक आहे, असं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं.

"पहिलं काढा, मॅडम. दुसरं राहू द्या."

"का?"

"इतिवृत्तात काम सदोष म्हणून लिहिलंय आणि इथे कुशल. उद्या कोणी हे दोन्ही कागद शेजारी ठेवले तर विचारेल, यातलं खरं कुठलं. आणि खरं शोधायला बसले की ती पोरगी सापडते."

"मी तसलं काही लिहिणार नाही," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. "या शहरात तुमच्या तोडीचा माणूस नाही, काका. मी तुमच्याविरुद्ध खोटं लिहून देऊ?"

"खोटं कुठे? चकती माझ्याच हातून पडली." मग अगदी समजूत घातल्यासारखे म्हणाले, "तुम्हाला जमत नसेल तर मी सांगतो, तुम्ही टाइप करा."

त्यांनी सांगितलं आणि मी टाइप केलं. 'यांनी बसवलेली कुलपे सदोष आढळली. चारित्र्य चांगले.' निष्कलंक त्यांना जास्त वाटलं. मी सही केली, शिक्का मारला आणि मग मला रडू आलं. ते मी लपवलं नाही. काकांनी पत्र वाळेपर्यंत दोन बोटांत धरून ठेवलं, घडी घातली, खिशात ठेवलं आणि नमस्कार करून गेले.

ते पत्र घेऊन ते पुढे एका हॉटेलात गेले, एका शाळेत गेले, एका मोठ्या सोसायटीत गेले. तिन्हीकडे लोकांनी पत्र वाचून परत दिलं. हे मला त्यांनी स्वतःच, हसत सांगितलं. मला ऐकवेना. मी म्हटलं, "काका, कशाला दाखवता ते पत्र? हातात काम आहे तुमच्या, ते दाखवा. पत्र घरी ठेवा."

"असं कसं, मॅडम?" ते म्हणाले. "तुमची सही आहे त्यावर."